पाहुण्याचं पाणी

आमच्या पोरीला तिच्या आईनं मीठ पाजलं, असं तुम्ही लिहिलंत. आमच्याच ओसरीवर, आमच्याच खाटेवर बसून आणि आमच्याच घरचं पाणी पिऊन लिहिलंत. त्या एका ओळीवर माझ्या वहिनीपासून तिची लेक तोडली गेली. तुमचं नाव मला पाठ आहे, पण ते इथे घालणार नाही. नाव घातलं की तुम्ही म्हणाल, एका बाईची एका माणसाशी खुन्नस दिसते. आरोग्य अधिकाऱ्याच्या त्या खुर्चीवर आता दुसरं कोणी बसलं असेल, तर त्यानं वाचावं. ओळ खुर्चीची होती.

वहिनीची हाक अजून कानात आहे.

"ताई, इकडे या बरं जरा. हिचं आंग पाहा."

उन्हाळा होता. चंदा नुकती भिंत धरून चालायला लागली होती. रात्रीपासून तिला जुलाब सुरू होते. मी नवरा सोडून माहेरी येऊन राहिलेली, घरात असून नसल्यासारखी. पण वच्छलावहिनी काहीही झालं की आधी मलाच हाक मारायची. माझी माय, म्हणजे तिची सासू, दारातच बसली होती. ती म्हणाली, "दात येऊन राह्यले असतीन. आमची सहा पोरं अशीच हागून-हागून मोठी झाली."

"दात नाई मामी. पाण्यासारखं होऊन राह्यलं," वहिनी म्हणाली. "मी ते साखर-मिठाचं पानी करतो."

"कर माय. तुले साहेबानं शिकवलं हाये, तू डाक्टरीण."

टोमणा होता, पण खोटा नव्हता. आदल्या दिवाळीनंतर तुम्ही गावात आला होतात. आठवतं? शाळेच्या पटांगणात बाया जमवल्या होत्या. तुमच्यासाठी पाणी आमच्या घरून गेलं, कारण शाळेला लागून घर आमचंच. हंडा वहिनीनंच डोक्यावर नेला होता. तुम्ही त्यातलं एक लिटर मोजून घेतलं, साखर घातली, मीठ घातलं, ढवळलं आणि तिच्या हातावर चमचाभर ओतलं. "चव घ्या. आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. ही खूण लक्षात ठेवा." तिनं चाखलं आणि म्हणाली, "लय फिकं हाये साहेब." बाया हसल्या. तुम्हीही हसलात. मग तुम्ही तिला सगळ्यांसमोर उलट विचारलंत, पाणी किती, साखर किती, मीठ किती. तिनं न अडखळता सांगितलं. "ही बाई हुशार आहे," असं तुम्ही म्हणालात. तिला अक्षर येत नव्हतं. पुढे उपकेंद्राच्या भिंतीवर निळ्या रंगात तेच सगळं रंगवलं गेलं, तेव्हा ती मला भिंतीपाशी नेऊन म्हणाली, "वाचा बरं ताई, मी सांगतलं तसंच हाये नं?" तसंच होतं.

त्या दिवशी तिनं काय केलं, ते मी चुलीपाशी उभी राहून पाहिलं. लिटरचं तेलाचं माप राखेनं घासलं. हापशीचं पाणी उकळलं, भिंतीवर तसं लिहिलं होतं म्हणून. गार केलं, मग मापून घेतलं. साखरेचा प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीनं सपाट केला. मिठाचा अर्धा चमचा भरला, निरखला, पुन्हा चिमूटभर डब्यात टाकला. जिभेवर थेंब घेतला.

"फिकंच हाये," ती म्हणाली. "चांगलं झालं."

आणि चंदा ते प्यायली. गटागटा प्यायली. वाटी तोंडाला लावली की दोन्ही हातांनी धरून ठेवायची. वाटी काढली की रडायची. आम्हाला वाटलं, पिते आहे म्हणजे बरं आहे. दुपारी नर्सबाई येऊन गेल्या. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली.

"पाहा, चिमटा उभा राहत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आंगातलं पानी कमी झालं असतं नं, तर कातडी उभी राह्यली असती. तुमचं पानी लागू पडून राह्यलं. द्या, मागीन तेवढं द्या."

वहिनीनं दिलं. मागेल तेवढं दिलं. माप संपलं की पुन्हा उकळलं, पुन्हा मोजलं. संध्याकाळी जुलाब कमी झाले होते आणि पोर मात्र जास्तच बिघडली होती. तोंडात बोट घातलं तर जीभ चामड्यासारखी कोरडी. हात लावला की किंचाळायची. ते रडणं आमच्या ओळखीचं नव्हतं, बारीक, उंच, मांजरीच्या पिलासारखं. आणि हे सगळं करताना नजर पाण्याच्या मापावर.

"आता बस कर," माय म्हणाली. "पेऊन-पेऊन पोट फुगीन तिचं."

"ते मागते मामी. तहानली हाये."

"दिवसभर तं पाजून राह्यली! मंग तहान कायची?"

ह्या प्रश्नाचं उत्तर त्या घरात कोणालाही येत नव्हतं. नर्सबाईंना येत नव्हतं. तुम्हाला यायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदाचे डोळे वर गेले आणि अंग लाकडासारखं ताठ झालं. माझा भाऊ देविदास वावरातून धावत आला. सरपंचाची जीप मागितली, मायसकट आम्ही सगळे बसलो. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत वहिनी जीपमध्ये बाटलीतलं पाणी बोळ्यानं तिच्या तोंडात सोडत होती. भिंतीवर लिहिलं होतं, थांबवू नका.

दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात डॉक्टर काळपांडे बाई होत्या. पन्नाशीच्या, आवाज घोगरा, पायात रबरी चपला. त्यांनी आधी झटका थांबवायचं इंजेक्शन दिलं. मग पोटाची कातडी चिमटीत धरली. सोडली नाही, बोटांत घोळवत राहिल्या.

"ही कातडी कशासारखी लागते, बघा हात लावून," त्या मला म्हणाल्या.

मी हात लावला. "मळलेल्या कणकीसारखी."

"बरोबर. साध्या जुलाबाचं पोर असं नसतं. काय पाजलं हिला?"

वहिनीनं भिंत म्हणून दाखवली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक शब्द न गाळता. काळपांडे बाई ऐकत होत्या. मध्ये मध्ये विचारत होत्या, चमचा शिगेचा की सपाट? माप कशाचं? सगळं ऐकल्यावर त्यांनी कपाळ चोळलं.

"ह्यात तर काही चूक नाही. मग सोडियम चढल्यासारखं का दिसतंय? ते उरलंय का थोडं?"

वहिनीनं पदराखालून बाटली काढली. बाईंनी झाकणात थोडं ओतून चाखलं आणि लगेच बेसिनमध्ये थुंकलं.

"फिकं हाये नं?" वहिनी म्हणाली.

"फिकं?" बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, जीभ चरचरली माझी. गाव कोणतं तुमचं?"

देविदासनं सांगितलं.

"पूर्णेकाठचं? खारपाणपट्ट्यातलं?" बाई खुर्चीत बसल्या. "पाणी कुठलं घेतलं होतं?"

"हापशीचं," वहिनी म्हणाली. "दुसरं कोनतं घेनार?"

इथे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं आहे. विहीर खणा नाहीतर हापशी बसवा, खारंच लागतं. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ दिवसभर रटरटली तरी फुटत नाही. तेव्हा नळयोजना नव्हती. देविदास लांबच्या गावाहून बैलगाडीत ड्रम भरून गोडं पाणी आणायचा. ते रांजणात, झाकण घालून, वर दगड ठेवून. ते पाणी दोनच कामांचं, डाळीला आणि पाहुण्याला. घरचा माणूस हापशीचं पितो. त्यात कोणाला दुःख नव्हतं. जन्मापासून तेच प्यायल्यावर ते खारं आहे हे जीभ विसरून जाते. आणि त्या जिभेला तुम्ही सांगितलं होतं, चव घेऊन ठरवा.

रक्ताचा रिपोर्ट आला. बाईंना वाटलं होतं तेच निघालं. रक्तात मीठ फार चढलं होतं.

माय एकसारखी विचारत होती, "पन डाक्टरीणबाई, पानी पेऊन-पेऊन लेकरू वाळलं कसं? हे काय इपरीत?"

काळपांडे बाईंना वॉर्डभर कामं होती. तरी त्या थांबल्या.

"आजी, लोणचं घालता ना? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की काय होतं?"

"पानी सुटते."

"फोडी कोणी पिळतं का?"

"कायले पिळन? आपोआप सुटते."

"कैरीच्या आत बारीक बारीक पिशव्या असतात, दिसत नाहीत इतक्या बारीक. प्रत्येक पिशवीत पाणी. पिशवीचा पडदा असा असतो, की त्यातून पाणी सहज जातं-येतं, मीठ मात्र तसं सहज जात नाही. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी पडदा ओलांडून मिठाकडे जातं. फोड सुकते, बरणीत पाणी जमतं. आपल्या अंगातही अशाच पिशव्या आहेत, डोक्यात, कातड्यात, सगळीकडे. आधीच खारं पाणी, त्यात आणखी मीठ, वर उकळलेलं. उकळल्यावर पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. हिच्या पिशव्यांतलं पाणी बाहेर निघालं. जितकं पाजलं तितकं आणखी निघालं. म्हणून तहान."

मायनं चंदाच्या पोटावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "म्हंजे माह्या नातीचं लोनचं केलं हिनं."

"आजी, हिनं काही केलेलं नाही. हिनं सांगितलेलं केलं."

पण मायच्या डोक्यात तिचंच वाक्य बसलं होतं. बाईंचं नाही.

पुढची गोष्ट त्याहून अवघड होती. शहराच्या नळाला गोडं पाणी होतं. वॉर्डाच्या कोपऱ्यात नळ दिवसभर गळायचा, आणि खाली बादली भरून वाहायची. चंदाला थोडी शुद्ध आली तशी ती त्या आवाजाकडे मान वळवायला लागली. आणि काळपांडे बाईंचा हुकूम असा, की पाणी द्यायचं नाही. सलाईन थेंब-थेंब, आणि तोंडानं, त्या सांगतील तेव्हा, एक चमचा.

"का पन?" देविदास चिडला. "आता तं गोडं पानी हाये! मीठ धुऊन निघीन नं!"

"तेच तर होता कामा नये. मेंदूच्या पिशव्या आकसल्या होत्या. त्यांनी स्वतःला वाचवायला आत काहीबाही साठवून घेतलंय, पाणी धरून ठेवण्यासाठी. आता बाहेर एकदम गोडं पाणी आलं, तर ते उलट आत घुसेल. पिशव्या फुगतील. मेंदू कवटीत फुगला तर जागा कुठं आहे त्याला? बाहेरचं मीठ हळूहळू उतरवायचं. घाई केली तर मीठ नाही मारणार हिला, पाणी मारेल."

देविदासला ते पटलं की नाही कोण जाणे. तो बाहेर विडी प्यायला गेला. मायला अजिबात पटलं नाही. वहिनीला समजलं किती, मला माहीत नाही. पण तिनं तो हुकूम भिंतीसारखाच पाठ केला. ओला बोळा ओठांना लावायची, पिळायची नाही. चंदा हात पुढे करायची, तोंडानं "मं, मं" करायची. तो तिचा पाण्याचा शब्द. वहिनी तिचे हात धरून बसायची आणि मान दुसरीकडे वळवायची.

जेवणाच्या वेळी बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली, "किती कठोर काळजाची माय वो ही."

वहिनी मोरीला गेली, तेवढ्यात ते झालं. मी पलीकडे सलाईनवाल्या मावशींना बोलवायला गेले होते. वळून पाहते तर माय नळावरून गलास भरून आणून चंदाच्या तोंडाला लावते आहे आणि चंदा दोन्ही हातांनी गलास धरून पिते आहे. मी ओरडणार, तेवढ्यात वहिनी दारातून धावली. तिनं गलासावर असा हात मारला की तो दोन खाटा ओलांडून गेला. पाणी सगळ्यांच्या अंगावर. चंदानं टाहो फोडला.

"पाहा वो बायानो!" माय वॉर्डभर ऐकू जाईल अशी बोलली. "आधी लेकराले मीठ पाजलं, आता पानी हिसकून घेते! आपल्या पोटच्याले! हे माय हाये का कोन हाये?"

वहिनी खाली बसून पदरानं फरशी पुसत होती. म्हणाली, "मामी, पोटात किती गेलं? किती घोट गेले?"

"तुह्या बापाचं काय गेलं?"

"सांगा नं मामी. डाक्टरीणबाईले सांगा लागीन."

तिनंच जाऊन सांगितलं. बाईंनी सलाईनचे थेंब कमी केले, झटक्याचं औषध भरून जवळ ठेवलं आणि खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. संध्याकाळपर्यंत झटका आला नाही. उठताना बाई देविदासला म्हणाल्या, "तुमच्या बायकोनं आज पोर वाचवली. लक्षात ठेवा." तो मान हलवून हो म्हणाला. लक्षात मात्र त्यानं ठेवलं नाही.

चंदा सुधारली. आधी ते बारीक रडणं गेलं, मग ताप गेला, मग एके सकाळी तिनं बिस्किट मागितलं. आम्ही घरी आलो.

काळपांडे बाईंनी तुमच्या कार्यालयाला लिहिलं. मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, "मी वर लिहिणार आहे. ह्या पट्ट्यात भिंतीवर पाणी कोणतं तेही लिहायला हवं, नाहीतर आणखी पोरं येतील माझ्याकडे." म्हणून तुम्ही आलात. म्हणजे आमच्या पोरीची विचारपूस करायला आला नव्हतात, भिंत बरोबर आहे हे सिद्ध करायला आला होतात. हे मला तेव्हा कळलं नाही.

ओसरीवर तुम्ही, नर्सबाई, तुमचा ड्रायव्हर. समोर माय, देविदास, आळीतल्या दहा-पाच बाया. वहिनी दाराच्या चौकटीला धरून. तुम्ही ओळखलं नाही तिला. हुशार बाई म्हणाला होतात, तरी नाही.

"बाई, घाबरू नका. त्या दिवशी जसं केलं होतं तसं करून दाखवा. एवढंच."

वहिनी आत गेली. तिनं माप घासलं, पाणी उकळलं, गार व्हायला ठेवलं. तेवढ्यात तुम्हाला चहा झाला. मग तिनं सगळ्यांसमोर साखरेचे चमचे सपाट केले, मिठाचा अर्धा चमचा निरखला. ढवळलं आणि पेला तुमच्या हातात दिला. तुम्ही घोट घेतलात, पुन्हा एक घेतलात.

"उत्तम. अगदी बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. मग नर्सबाईंकडे वळलात. "म्हणजे हिला पद्धत येते. आज लक्ष देऊन केलं म्हणून नीट झालं. त्या दिवशी घाईत हात जड पडला असणार. आई घाबरलेली असते, होतं असं."

मला काहीतरी खटकलं. मी उठून चुलीपाशी गेले. रांजणावरचा दगड खाली ठेवलेला होता. झाकण ओलं होतं.

"वहिनी, पानी कुठून घेतलं तू?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "रांजनातून."

"त्या दिवशी हापशीचं होतं!"

"पन साहेब पेनार होते नं ताई," ती म्हणाली. "पाहुण्याले खारं पानी कसं देऊ?"

तिला कळलंच नव्हतं तिनं काय केलं ते. मला कळलं. मी कळशीतून हापशीच्या पाण्याचा पेला भरला आणि तुमच्यासमोर आणून ठेवला.

"साहेब, ते पाहुण्याचं पाणी होतं. पोरीला हे पाजलं होतं. ह्याच्यात साखर-मीठ घाला आणि मग चव घ्या."

तुम्ही पेल्याकडे पाहिलंत. उचलला नाहीत.

"हे खारं आहे ना? मला नाही चालत. पोट बिघडतं."

आळीतली एक म्हातारी फिसकन हसली. मी नाही हसले.

"तुमचं एवढं मोठं पोट नुसत्या ह्यानं बिघडतं, आणि पोरीला ह्यात आणखी मीठ घालून पाजायचं? भिंतीवर पाणी कोणतं ते का नाही लिहिलं?"

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात का?"

"सातवी नापास."

"मग हे शास्त्र आम्हाला ठरवू द्या. हे प्रमाण सगळ्या जगात चालतं."

"सगळ्या जगाचं पाणी गोडं असंल. आमचं नाही."

"कोकिळे, गप," देविदास मला म्हणाला. "साहेबांसमोर तोंड चालवू नको."

तुम्ही लिहिलंत. मग सौजन्य म्हणून मोठ्यानं वाचलंतही. 'मातेच्या हातून मिठाचे प्रमाण अधिक झाल्याने बालकास त्रास. कार्यपद्धतीत दोष नाही.' वहिनीचा अंगठा घेतलात. अंगठा कशावर लावते आहे हे तिनं ऐकलं होतं. तरी लावला, कारण पाहुणा म्हणतो आहे. हापशीचा पेला तिथंच खाटेजवळ राहिला. जाताना तुमच्या ड्रायव्हरचा पाय लागून तो सांडला.

जीप वळली आणि माय म्हणाली, "ऐकलं काय रे देविदास? आता सरकारनं बी लिहून देल्लं."

बस, एवढंच. पुढच्या बाजारच्या दिवशी देविदास वहिनीला माहेरी सोडून आला. "थोडे दिस राहू दे, पोर जरा धड होऊ दे," असं म्हणाला. चंदाला ठेवून घेतलं. ती निघताना चंदा झोपलेली होती, मायनं उठवू दिली नाही. थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. दोनदा वहिनीचा भाऊ बोलणी करायला आला, दोन्ही वेळा मायनं तेच सांगितलं, पोरीला मीठ पाजणारी बाई घरात नको, कागद आहे आमच्याकडे. कागद आमच्याकडे नव्हता, तुमच्याकडे होता. पण धाक त्याचाच होता. मी किती भांडले ते इथे लिहीत नाही. उपयोग झाला नाही, म्हणजे झालाच नाही. देविदासनं दुसरं लग्न केलं. चंदाला मी वाढवली.

भिंत तशीच होती. रंग उडाला तसा पुन्हा दिला. त्यावर पाण्याबद्दल एक अक्षरही वाढलं नाही. काळपांडे बाईंकडे मी एकदा गेले होते. त्यांनी सांगितलं, "मी पुन्हा लिहिलं. मला उत्तर आलं, की चौकशी पूर्ण झाली आहे, दोष आढळला नाही."

चंदा शाळेत जायला लागली तशी मीही तिच्या पुस्तकांतून वाचायला लागले. सातवी नापासाची शाळा अशीच असते. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक शब्द सापडला, परासरण. खाली दोन बशांची चित्रं. एका बशीत साधं पाणी, त्यात मनुका फुगलेल्या. दुसरीत मिठाचं घट्ट पाणी, त्यात त्याच फुगलेल्या मनुका पुन्हा सुरकुतलेल्या. लिहिलं होतं, पाणी पडद्यातून जिथे विरघळलेले पदार्थ जास्त असतील त्या बाजूला जातं. मी ते पान किती वेळा वाचलं. पाणी आईचं ऐकत नाही, साहेबाचं ऐकत नाही, भिंतीचंही ऐकत नाही. मीठ कुठे जास्त आहे एवढंच ते पाहतं आणि तिकडे जातं. शाळेतल्या पोरांना तुम्ही हे परीक्षेला विचारता. नापास करता.

मागच्या महिन्यात चंदा माहेरपणाला आली, कडेवर तिची पोर. पोरीला थोडं पोट बिघडलेलं. दुकानातून साखर-मिठाचं तयार पाकीट आणलं, बाटलीतलं पाणी आणलं. पण पाकीट फोडायला तिचा हात होईना. ते तिनं मांडीवर ठेवलं. मग विचारलं, "आत्या, खरं सांग. माह्या मायनं मले मीठ पाजलं होतं काय?"

मी सांगितलं, नाही. सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलं तसं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "तू असं सांगतेस. आजी मरेपर्यंत तसं सांगत राह्यली. बाबा काहीच सांगत नाही. कागदावर काय लिहिलं हाये?"

मी तिला खोटं सांगू शकले नाही. कागदावर आजीचं लिहिलं आहे. तुमच्या सहीनं.

पोरीला पाकिटाचं पाणी शेवटी मीच करून पाजलं. चंदा तोंड फिरवून बसली होती.

म्हणून विचारते. माझ्या भावजयीनं नेमकं काय चुकवलं? पाणी मोजण्यात चुकली, साखरेत चुकली, मिठात चुकली, की तुमचं ऐकण्यात चुकली? एक काय ते सांगा. आणि काहीच चुकवलं नसेल, तर तसं लिहा, तुमच्या कागदावर, तुमच्या सहीनं, आणि पोस्टानं पाठवू नका. वच्छला जिवंत आहे. माहेरच्या गावी भावाच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. तिला वाचता येत नाही, तेव्हा तिच्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवायचं. चंदा आणि मी तिथं हजर राहू.

कधी येता?